चमचा कोणाच्या हातात?

पाऊस लागला की बोर्ली पंचतन परिसरातल्या विहिरी तुडुंब भरतात आणि गोठ्याचं, अंगणाचं पाणीही वाट काढत त्यांत उतरतं. विहिरीत जंतू मारायला टीसीएल पावडर पडते; पण घरच्या हंड्यात बुडणारे हात धुतलेले आहेत की नाही, हे घरानेच पाहायचं असतं. मग एखाद्या घरात दीड वर्षाच्या बाळाला पातळ शी सुरू होते. दिवसातून तीनदा किंवा जास्त झाली की ते जुलाब. लहान मुलांत त्यामागे बहुधा विषाणू असतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. बाळाच्या जिवावर बेततं ते शरीरातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे.

अशा वेळी घरातलं मोठं माणूस सांगतं, "पाणी देऊ नको गं, आणखी लागेल." मायेपोटीच सांगतं. पण त्या मायेने बाळ कोरडं पडतं. आतडं आजारी असलं तरी साखरेच्या सोबतीने मीठ आत घेतं आणि मिठामागोमाग पाणी जातं. जलसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसच्या मीठ-साखर-पाण्याचं, सारं बळ एवढंच.

१९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात सीमेवरच्या बनगावला निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं पाणी पिंपांत भरून ठेवलं. ते पाजलं रुग्णांच्या नातेवाइकांनी. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. मला यातले नातेवाईक फार महत्त्वाचे वाटतात. घरदार सोडून आलेली ती माणसं रात्रंदिवस आपल्या माणसाच्या उशाशी बसली.

कारण हे औषध स्वस्त असलं तरी ते पाजणं सोपं नाही. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. बाळ ओकलं की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा, आणखी सावकाश, सुरू करायचं. अंगावरचं दूध चालूच. या पट्ट्यात बऱ्याच घरांतले पुरुष मुंबईला नाहीतर आखातात. फोनवर विचारणा होते, "सलाईन लावलं का?" काळजी खरीच असते, पण सगळी रात्र एकट्या आईच्या डोळ्यांवर निघते आणि पहाटे तिला डुलकी लागली तर दोषही तिलाच. हा मला अन्याय वाटतो. पाळी लावावी: सासूबाईंनी, दिराने, शेजारणीनेसुद्धा. चमचा धरायला बाईचाच हात लागतो असं थोडंच आहे?

पाकिटातली पावडर अर्धीमुर्धी, अंदाजाने घालू नये. मोठं पाकीट अख्खं एक लिटर स्वच्छ पाण्यात, आणि ते पाणी २४ तासांत संपवायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ घातलेली भाताची पेज तर आपल्या चुलीवरचीच. सहा महिन्यांवरच्या मुलाला ती जरूर द्यावी. शहाळं आपल्या वाडीतलं, द्यायला हरकत नाही. पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून त्यावरच विसंबू नये. जुलाब दाबून टाकणाऱ्या गोळ्या मुलांना मुळीच देऊ नयेत.

डोळे खोल गेले, पोटाच्या कातडीला काढलेला चिमटा सावकाश सपाट झाला, लघवी थांबली, बाळ मलूल पडलं किंवा काहीच पिईना, शीमध्ये रक्त दिसलं, तर उजाडायची वाट न पाहता सरकारी दवाखाना गाठावा. बाळ पीत असेल तर वाटेतही पाजत राहावं. अशा वेळी सलाईन लागू शकतं.

आणि जलसंजीवनीसोबत सुरू केलेली झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायची असते. बाळ खेळायला लागलं की घर ती विसरतं, म्हणून ती रोज कोण देणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं.