चित्रपट आणि व्यापारनीति

व्यापार शिकावयाचा तर पेढीवर बसावें, असें आपल्याकडील वडील माणसें सांगत आलीं. अलीकडे मात्र व्यवस्थापनशास्त्राचे अध्यापकही चित्रपटांचे दाखले देतात. एकांतून धाडस शिका, दुसऱ्यांतून जाहिरात शिका, असें सांगतात. ही रीत सर्वस्वीं त्याज्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पडद्यावर व्यापाराची कोणती बाजू खरी दिसते आणि कोणती केवळ रचलेली असते, याचा विवेक आधीं केला पाहिजे.

नागपूरकरांस उदाहरण दूर शोधावयास नको. ‘थ्री इडियट्स’चे दिग्दर्शक राजकुमार हिरानी यांचा जन्म १९६२ सालीं याच शहरांत झाला, त्यांचे वडील येथें टंकलेखनाचा वर्ग चालवीत. उत्कृष्टतेचा ध्यास धरा, यश मागोमाग येईल, हा त्या चित्रपटाचा बोध. २००९ च्या डिसेंबरांत तो प्रदर्शित झाला व त्यानें तिकीटविक्रीचे पूर्वीचे उच्चांक मोडले. त्याच महिन्यांत, दोन आठवडे आधीं, शिमित अमीन यांचा ‘रॉकेट सिंग’ पडद्यावर आला होता. त्याचा नायक संगणक विकणारा एक साधा विक्रेता. लांच मागणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार केल्यामुळें त्याची स्वतःच्याच कचेरींत विटंबना होते. तेव्हां तेथेंच बसून तो गुपचूप आपला निराळा धंदा उभारतो. दिलेला शब्द पाळणें हेंच त्याचें भांडवल. या सचोटीच्या कथेस मात्र त्या वेळीं प्रेक्षक बेताचेच लाभले.

म्हणजे, गुणामागें यश धांवत येतें हा नियम खुद्द चित्रपटांच्या बाजारांतही अबाधित नाहीं. पडद्यावर कर्म आणि फल यांची गांठ लेखक बांधतो; व्यवहारांत ती कोणी बांधून देत नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं भांडवल मिळविण्यासाठीं वाटाण्याचें रोप वाढतांनाची चित्रफीत काढून दाखविली, आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला. कल्पकता, चिकाटी, विक्रीची हातोटी, कशाचीच उणीव नव्हती. तरीही १९४४ सालीं नाशिक येथें निधन होण्यापूर्वींचीं त्यांचीं अखेरचीं वर्षें ओढाताणींत गेलीं. यशाची हमी मागण्यासाठीं जो चित्रगृहांत जाईल, त्याची फसगत ठरलेली.

मग तेथें शिकण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे, आणि तें मोलाचें आहे. बाजारांत गिऱ्हाईक दुकानाच्या पुढल्या भागांत उभें असतें; मागल्या खोलींत काय चालतें, तें त्यास दिसत नाहीं. चित्रपट आपणांस त्या मागल्या खोलींत नेऊन बसवितो. ‘द फाउंडर’ या २०१६ च्या चित्रपटांत रे क्रॉक याची जिद्द पाहून आपण आरंभीं त्याच्या बाजूस झुकतों. पुढें मॅक्डॉनल्ड बंधूंना हातांत हात देऊन दिलेलें वचन तो पाळीत नाहीं, तेव्हां तीच जिद्द आपणांस बोचूं लागते. कोणीं व्याख्यान दिलेलें नसतें. आपण त्या भावांच्या जागीं जाऊन बसलेले असतों, एवढेंच. रॉकेट सिंगही सर्वथा निष्कलंक नव्हे. मालकाचा दूरध्वनि तो चोरून वापरतो. पुढें फेडण्यासाठीं खर्चाची नोंद ठेवतो, तरी लपवाछपवी ती लपवाछपवीच. मागल्या खोलींतून तीही दिसते.

म्हणून ‘नायक कसा जिंकला?’ यापेक्षां ‘हें सारें पाहिल्यावर त्याच्याकडून माल घ्यावासा वाटेल काय?’ हा प्रश्न आम्हांस अधिक उपयोगाचा वाटतो. करंडीच्या वरच्या थरांत मोठीं संत्रीं रचून खालीं बारीक भरणारा पडद्यावर दिसला, तर कोणताही नागपूरकर त्यास ताबडतोब ओळखील. तोच प्रेक्षक दुसऱ्या दिवशीं आपल्या दुकानांत करंडी भरावयास बसतो, तेव्हां त्याच्यापुढें पडदा नसतो व पाहणाराही कोणी नसतो. आदल्या रात्रींचा धडा त्याच्या हातांत उतरला कीं नाहीं, हें तेथेंच कळावयाचें.