रानीताल, चेरीताल आणि ७५ टक्के

वाळवंटातल्या शहराला आपण कुठे वसलो आहोत याचा विसर पडत नाही. लास वेगासचं सुमारे ९० टक्के पाणी एकट्या कोलोरॅडो नदीचं. म्हणून तिथे घरातलं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा जलाशयात सोडतात आणि शोभेची हिरवळ कायद्याने काढायला लावतात. तरीही २०२२ साली तिथला लेक मीड जलाशय १९३०च्या दशकात भरल्यापासूनच्या नीचांकावर गेला. कारण जुनं आहे. १९२२च्या करारात नदीची वाटणी झाली ती पावसाळी वर्षांची मापं धरून. नदीत कधी नव्हतंच एवढं पाणी कागदावर वाटलं गेलं.

जबलपूरला याची काळजी कशाला? वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वरच्या अंगाला बरगीचं धरण, ग्वारीघाटाला बारमाही नर्मदा. पण लातूर तरी कुठे वाळवंटात होतं? ते मांजरा धरणावर विसंबून होतं. धरण आटलं आणि एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. दुष्काळ शहराला गाठतो तो पाऊस किती पडतो यावरून नव्हे, पाणी किती ठिकाणांहून येतं यावरून, असं मला वाटतं.

जबलपूरच्या गोंड राजांना हे नेमकं कळलं होतं. शहरातल्या मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या आहेत. हा खडक पाणी पोटात ठेवत नाही. वरचा झिजलेला थर आणि भेगा, एवढीच त्याची साठवण. मग उतारावरून धावणारं पाणी अडवायचं आणि सावकाश मुरू द्यायचं, म्हणजे खालच्या विहिरी जगतात. राणी दुर्गावतीचं रानीताल, तिच्या दासीच्या नावाचं चेरीताल, दिवाण आधारसिंहांच्या नावाचं अधारताल, संग्रामशहांचा संग्रामसागर. शहर आजही ‘बावन्न ताल’ अशी आठवण सांगतं. १७८१मध्ये गोंडांची सत्ता गेली, सागरचे मराठे आले, मग नागपूरकर भोसले, १८१७ला इंग्रज. पुढे खंदारी आणि परियटचे जलाशय आले, नळ आले, शेवटी नर्मदेचं पाणी उपसून घरोघर पोचलं. नळ आल्यावर तळं म्हणजे नुसती मोकळी जागा ठरली. रानीतालच्या जागी आज क्रीडासंकुल आहे. चेरीताल ही वस्ती आहे. या शहराने स्वतःच्या हाताने केलेलं सर्वांत मोठं नुकसान हेच, आणि त्याचा खेद कुणाला वाटताना दिसत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता भिस्त नर्मदेवर, आणि नर्मदा एकट्या जबलपूरची नाही. ती हिमनदीतून येत नाही. मंडला-दिंडोरीच्या सालवनांत मुरलेला पाऊसच उन्हाळ्यात तिला वाहता ठेवतो. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९च्या निवाड्यात तिचं पाणी सुमारे १२२० टीएमसी धरलं: मध्य प्रदेशला ७९५, गुजरातला ३९२, राजस्थानला २२, महाराष्ट्राला ११. हा आकडा ७५ टक्के विश्वासार्हतेचा. चारांतल्या तीन वर्षी एवढं पाणी येईल, एका वर्षी येणार नाही, हे निवाड्यातच गृहीत आहे. तुटीच्या वर्षी प्रत्येकाचा वाटा त्याच प्रमाणात घटतो. २०१७चा पाऊस वरच्या खोऱ्यात कमी झाला, तेव्हा गुजरात सरकारला उन्हाळी पिकांसाठी नर्मदेचं पाणी मिळणार नाही, असं शेतकऱ्यांना सांगावं लागलं. कच्छची तहान या नदीवर आहे. २००८पासून राजस्थानातल्या जालोरचीही. बरगीचा उजवा कालवा स्लीमनाबादच्या बोगद्यातून कटनी, सतना, रीव्याकडे पाणी नेण्यासाठी आखलेला. म्हणजे वाळवंट जबलपूरपासून दूर असलं, तरी त्याचा नळ याच नदीला जोडलेला आहे.

लवादाच्या निवाड्याला ४५ वर्षं हात लावता येणार नव्हता. ती मुदत २०२४च्या अखेरीस संपली. राज्यं आता नव्याने वाटा मागू शकतात, आणि त्या मागण्यांत सिंचनाचे आकडे पुढे असतील, शहरांचे मागे. महापालिकेने त्याआधी एवढं तरी मोजावं: तुटीच्या वर्षी जबलपूरला किती कमी पाण्यात भागवावं लागेल, अधारताल आणि संग्रामसागराचा गाळ काढला तर भोवतालच्या किती विहिरींना पाणी चढेल, आणि बावन्नांपैकी किती तळ्यांकडे जाणारे ओहोळ अजून बुजलेले नाहीत.