गर्वाचा आरोप आणि मोमिनाचे उत्तर

माणसाला त्याचे दोष अनेक प्रकारे सांगितले जातात. "हे काम चुकले," असे कोणी म्हटले तर आपण ते काम पुन्हा पाहतो. "तुम्हाला राग लवकर येतो," असे कोणी म्हटले तर हसून कबूलही करतो. परंतु "तुम्ही स्वतःला फार मोठे समजता," हे शब्द कानांवर पडताच अंतःकरणात काहीतरी उसळते. इतर दोष आपल्या कृतीचे असतात. हा दोष थेट आपल्या 'मी'पणाचा असतो, आणि त्याची चौकशी करायला बसणाराही तोच 'मी' असतो. आरोपी आणि न्यायाधीश एकच असल्यावर निकाल काय लागणार, हे सांगायला नको.

माझगावसारख्या दाट वस्तीत असे प्रसंग शोधत दूर जावे लागत नाही. इमारतीच्या पुनर्विकासाची सभा, मशिदीच्या व्यवस्थेची चर्चा, लग्नाची बोलणी, कुठेही हा शब्द निघतो. कोकणातून आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या, गोदीत आणि जहाजांवर राबलेल्या पिढीची नातवंडे आज पदवीधर झाली आहेत. वडिलांच्या एखाद्या निर्णयावर मुलाने शंका घेतली की "चार पुस्तके शिकलास म्हणून शहाणा झालास का?" असे ऐकू येते; आणि वडिलांनी मुलाचे म्हणणे ऐकूनच घेतले नाही तर मुलगा मनात म्हणतो, "अब्बांना आपल्यापुढे कोणी दिसतच नाही." काही वेळा हा आरोप खरा असतो, काही वेळा नसतो. दोन्ही वेळी मोमिनाचे उत्तर कसे असावे, हा आपल्या विचाराचा विषय आहे.

प्रथम गर्व म्हणजे काय ते पाहू. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. ज्याच्या अंतःकरणात कणभरही गर्व असेल तो स्वर्गात जाणार नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले, तेव्हा एका व्यक्तीने विचारले की, माणसाला आपले कपडे आणि पादत्राणे चांगली असावीत असे वाटते, त्याचे काय? प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे; गर्व म्हणजे सत्य झिडकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. म्हणजे चांगले कपडे, पदवी, हुद्दा किंवा ठाम मत असणे हा गर्व नव्हे. गर्वाच्या खुणा दोनच, आणि त्या दोन्ही सर्वांत स्पष्टपणे कधी प्रकट होतात? कोणी आपला दोष दाखवतो तेव्हा. "मी तसा नाहीच," हे तपासण्यापूर्वीच म्हणणे म्हणजे सत्य झिडकारणे; आणि "हा कोण मला शिकवणार?" असे म्हणणे म्हणजे सांगणाऱ्याला तुच्छ लेखणे. गर्वाचा आरोप नाकारण्याच्या घाईत अनेकदा माणूस स्वतःच त्याचा पुरावा देऊन बसतो.

पवित्र कुरआनने या प्रसंगाचे अचूक चित्र रेखाटले आहे. सूरह अल-बकरामध्ये (आयत 206) अशा माणसाचा उल्लेख येतो की त्याला अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले, तर त्याची प्रतिष्ठाच त्याला गुन्ह्यात आणखी जखडून टाकते. सूरह अल-कससमध्ये कारूनचा वृत्तांत आहे. त्याच्याच समाजाने त्याला सांगितले की फुशारकी मारू नकोस, अल्लाहने तुझ्यावर उपकार केले तसे तूही लोकांवर उपकार कर. त्याचे उत्तर काय होते? हे सर्व मला माझ्या ज्ञानामुळे मिळाले आहे! सल्ला देणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे काय, याचा त्याने विचारच केला नाही. पुढे जमिनीने त्याला त्याच्या घरासह गिळले. इब्लीसचेही तसेच झाले. आज्ञा का मोडलीस, असे विचारल्यावर आपण आदमपेक्षा श्रेष्ठ आहोत, असा युक्तिवाद त्याने केला. चूक हजरत आदम (अलै.) यांच्याकडूनही झाली होती; पण त्यांनी युक्तिवाद केला नाही, क्षमा मागितली. दोघांमधील अंतर या एका उत्तराने ठरले.

आता आरोप खरा असेल तर काय करावे, याचे उदाहरण हजरत अबू जर (रजि.) यांच्या जीवनात सापडते. त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. प्रेषितांनी (स.) त्यांना स्पष्ट शब्दांत जाणीव करून दिली की तुमच्यात अज्ञानकाळाचा अंश अजून शिल्लक आहे, तुमचे सेवक हे तुमचे भाऊ आहेत, जे तुम्ही खाता ते त्यांना खाऊ घाला आणि जे नेसता ते त्यांना नेसवा. एवढ्या मोठ्या सहाबींना हे शब्द किती झोंबले असतील! परंतु त्यांनी आपल्या जुन्या सेवेचा दाखला दिला नाही. 'सहीह बुखारी'तील कथनानुसार पुढे रबजा येथे एका व्यक्तीने त्यांना पाहिले, तेव्हा त्यांच्या अंगावर जसा पोशाख होता तसाच त्यांच्या गुलामाच्याही अंगावर होता. कारण विचारल्यावर त्यांनी स्वतःची ही चूक आणि प्रेषितांचे (स.) शब्द सांगितले. आरोपाला त्यांनी आयुष्यभराच्या आचरणाने उत्तर दिले.

परंतु आरोप खोटा असेल तर? हे लक्षात ठेवणे तितकेच आवश्यक आहे, कारण हा शब्द अनेकदा दुर्बलांचे तोंड बंद करण्यासाठी वापरला जातो. शिकलेली मुलगी वारसाहक्कातील आपला वाटा मागते, सून आपले मेहर विचारते, तरुण सभासद जमातीच्या हिशोबाचा तपशील मागतो, आणि लगेच "फार डोक्यावर बसली," "मोठ्यांपुढे बोलतो," असे म्हटले जाते. हक्क मागणे हा गर्व नाही. हजरत खौला (रजि.) यांनी आपल्या पतीविषयीची तक्रार प्रेषितांपुढे (स.) आग्रहाने मांडली, तेव्हा अल्लाहने ती ऐकली आणि सूरह अल-मुजादिला अवतरली. हजरत यूसुफ (अलै.) यांनी इजिप्तच्या राजापुढे आपण रक्षण करणारे आणि जाणकार आहोत असे स्वतःच सांगितले, कारण लोकांचे अन्न त्या जबाबदारीवर अवलंबून होते. उलट "मी तर अगदी क्षुद्र, नालायक," असे चारचौघांत घोकत राहणे ही कधी कधी स्तुती मिळवण्याची युक्तीच असते.

तरीही निर्दोष माणसानेही ऐकून घ्यावे. गर्वाने वस्त्र फरफटत नेणाऱ्याविषयीची कडक ताकीद ऐकताच हजरत अबू बक्र (रजि.) यांनी स्वतःहून सांगितले की माझ्या वस्त्राची एक बाजू लक्ष ठेवले नाही तर खाली सरकते. तुम्ही गर्वाने तसे करणाऱ्यांपैकी नाही, हे त्यांना प्रेषितांकडून (स.) समजले. ज्यांच्यात गर्व नव्हता त्यांनीच आधी स्वतःला तपासले.

आपल्या मुंबईच्या इतिहासातही शिकण्यासारखे उदाहरण आहे. अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक बद्रुद्दीन तैयबजी 1887 साली मद्रास येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांच्यासह अनेक मुस्लिम धुरीणांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. आक्षेप गर्वाचा नव्हता. परंतु परीक्षा तीच होती. समाजातील इतके लोक विरोधात असताना स्वतःच्या मताला किती मोठे मानावे? तैयबजींनी आपले मत सौजन्याने आणि स्पष्टपणे पत्रांतून मांडले, ते सोडले नाही. मात्र मुस्लिम प्रतिनिधींचा जवळजवळ एकमुखी विरोध असेल असा विषय काँग्रेसने चर्चेला घेऊ नये, असा आग्रहही त्यांनी धरला, आणि 1888 च्या अलाहाबाद अधिवेशनात त्या आशयाचा नियम झाला. त्याच वर्षी ह्यूम यांना लिहिलेल्या पत्रात, विरोध इतका व्यापक असेल तर निदान पाच वर्षे अधिवेशने स्थगित ठेवावीत, असेही त्यांनी सुचवले. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो, विरोधकाच्या म्हणण्यातील तथ्य वेचून घेण्याची त्यांची रीत अनुकरणीय आहे.

तेव्हा असा आरोप झाल्यास प्रथम गप्प राहावे. नंतर शांतपणे विचारावे, "माझ्या कोणत्या वागण्यावरून तुम्हाला असे वाटले?" उत्तरात एखादा प्रसंग सांगितला गेला तर तो तपासता येतो. आपल्या सभ्यतेची साक्ष बाहेरच्या मित्रांकडून घेऊ नये; पत्नीला, मुलांना, घरी कामाला येणाऱ्या बाईला आपण कसे वाटतो, याचा विचार करावा. आरोप खरा निघाला तर अल्लाहपाशी तौबा करावी आणि ज्याला चारचौघांत दुखावले त्याची क्षमाही चारचौघांतच मागावी. खोटा निघाला तर एकदाच, नम्रतेने तसे सांगावे आणि आपल्या योग्य मार्गावर चालत राहावे. माझगावच्या गोदीत जहाज बांधणाऱ्यांना ठाऊक असते की वेल्डिंगमधला दोष दाखवणारा तपासनीस शत्रू नसतो. दोष न दिसता राहिला तर तो समुद्रात उघड होतो. आपल्यालाही एक दिवस अशा न्यायालयात उभे राहायचे आहे, जिथे काहीही लपत नाही.

टीका करणाऱ्यावरही जबाबदारी आहे. प्रेषितांनी (स.) श्रद्धावंताला श्रद्धावंताचा आरसा म्हटले आहे. आरसा डाग समोरच्यालाच दाखवतो, गल्लीभर सांगत नाही. आणि असलेला डाग मोठा करूनही दाखवत नाही. पाठीमागे "त्याला फार गर्व झाला आहे" असे म्हणणे ही गीबत आहे. एकांतात, प्रेमाने सांगणे ही नसीहत आहे. आणि सांगताना मनात "मी बरा, हा वाईट," असा विचार आला, तर तो रोग सांगणाऱ्यालाच जडला असे समजावे.

अल्लाह आपणा सर्वांना सत्य कोणाच्याही तोंडून आले तरी स्वीकारण्याचे मन देवो आणि कोणालाही तुच्छ लेखण्यापासून आपले रक्षण करो. आमीन.