बुडालेली घटका

गोदावरीच्या दक्षिण तीरावर, नदीपासून कोसभर आत, एक गाव होतं. घड्याळं अजून त्या गावात पोचली नव्हती. गावच्या ओढ्यावर दगडी बंधारा होता. त्यातून निघालेला पाट चार मळ्यांना पाणी द्यायचा. होळी जवळ आली की ओढा आटायला लागे, म्हणून रात्रीच्या पाण्याच्या पाळ्या बांधलेल्या होत्या. बंधाऱ्यालगतच्या आप्पांच्या मळ्याला बारा घटका, मधल्या दोन मळ्यांना सहा-सहा, आणि पाटाच्या शेपटाला काकूंचं वावर होतं, त्याला शेवटच्या सहा. दिवस मावळला की पहिली पाळी सुरू व्हायची आणि सूर्य उगवला की शेवटची बंद. त्या दिवसांत दिवस-रात्र सारखी असते. रात्र तीस घटकांची, आणि पाळ्याही बरोबर तीस घटकांच्या.

घटका मोजायचं काम जोशीबुवांकडे होतं. पारावर पाण्याने भरलेलं पितळी घंगाळ आणि त्यात तरंगणारी तांब्याची पातळ वाटी. वाटीच्या तळाला सुईच्या अग्राएवढं भोक. पाणी हळूहळू आत चढतं, काठाशी येतं आणि वाटी एकदम तळाला जाते. ती एक घटका झाली, साठ पळांची, आजच्या हिशेबाने २४ मिनिटांची. अहोरात्रात ही वाटी साठ वेळा बुडली पाहिजे, असं सूर्यसिद्धांतात सांगितलेलं आहे. घंगाळातलं पाणी गाळूनच घ्यावं लागतं, नाहीतर गाळाचा कण भोकात अडकतो आणि घटका लांबते. वाटी बुडाली की लगेच उचलायची, पाणी ओतून पुन्हा तरंगत सोडायची, काशाच्या थाळीवर एक टोला द्यायचा आणि द्रोणात एक चिंचोका टाकायचा. ज्याची पाळी संपली तो टोले मोजून पाटाचं दारं मोडायचा आणि पाणी पुढच्याकडे सोडायचा.

त्या वर्षी फाल्गुनात जोशीबुवांना लग्नकार्यांसाठी बाहेरगावी जावं लागलं. मागे घंगाळापाशी त्यांचा सोळा वर्षांचा भाचा बसू लागला. मुलगा हुशार होता. युगांचं गणित त्याला तोंडपाठ होतं. कृतयुग १७,२८,००० वर्षांचं, त्रेता १२,९६,०००, द्वापर ८,६४,०००, कली ४,३२,०००. चारांची बेरीज ४३,२०,०००, ते एक महायुग. अशी हजार महायुगं झाली की ब्रह्मदेवाचा एक दिवस होतो, ४३२ कोटी वर्षांचा. अशा दिवसांच्या शंभर वर्षांचं ब्रह्मदेवाचं आयुष्य असतं, आणि त्यातली पन्नास सरून आता एक्कावन्नावं चालू आहे. हे आकडे म्हणताना पोराचे डोळे चमकायचे. एवढा मोठा काळ कल्पनेत सामावून घेणाऱ्या पूर्वजांबद्दल कुणालाही अभिमान वाटावा, तसा त्यालाही वाटे.

एका रात्री आप्पा पारावर येऊन बसले. आप्पा काही दुष्ट माणूस नव्हते. आषाढीला वारी करायचे, दारातल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचे नाहीत. पण त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे. मापात खोट निघाली, भावाभावांत तंटा झाला, उधारी बुडाली, की ते म्हणायचे, ‘‘चालायचंच. कलियुग आहे.’’

‘‘बाळा,’’ आप्पा म्हणाले, ‘‘ब्रह्मदेवाचा दिवस केवढा म्हणालास?’’

‘‘४३२ कोटी वर्षांचा, आप्पा.’’

‘‘मग त्यात तुझी ही एक घटका केवढी? वाटी बुडाली आणि जरा वेळ तळाला राहिली, तर काय आभाळ कोसळणार आहे? माझ्या उसाची पार मुळी सुकलीय रे. आणि तसंही, या युगात कोण कुणाचं माप धरून बसलंय?’’

पोराला उत्तर सुचलं नाही. वाटी बुडाली, तळाला राहिली. पाट आप्पांच्या उसात वाहत राहिला. दुसऱ्या रात्री आप्पा आले नाहीत, तरीही वाटी तळाला राहिली. पोर सतरंजीवर आडवं झालं होतं. डोळे मिटून ते मन्वंतरांचा हिशेब करत होतं : ७१ महायुगांचं एक मन्वंतर, चौदा मन्वंतरांचा आणि त्यांच्या संधींचा मिळून एक कल्प...

महिनाअखेरीस जोशीबुवा परतले. पहिल्याच पहाटे काकू पारापाशी येऊन उभ्या राहिल्या. तक्रारीचा सूर नव्हता. ‘‘बुवा, कांदा पोसायचे दिवस आहेत आणि पाणी पुरंना झालंय. माझंच काही चुकतंय का, जरा बघाल?’’

जोशीबुवांनी पूर्वेकडे पाहिलं. सूर्याची कड नुकतीच वर येत होती. त्यांनी द्रोण ओंजळीत रिकामा केला आणि चिंचोके मोजले. अठ्ठावीस होते. पुन्हा मोजले. अठ्ठावीसच. त्यांनी भाच्याला हाक मारली आणि काही न बोलता त्याला पाटाच्या कडेने चालत नेलं.

काकूंच्या वावरात पोचायला वेळ लागला. कोरडा पडलेला पाट आधी स्वतः पाणी पितो. काकूंच्या सहा घटकांपैकी दोन तर पाटाची तहान भागवण्यातच जात, आणि वाफ्यांत पोचायच्या त्या चारच. त्यांतल्या दोन आता आप्पांच्या उसात मुरत होत्या, कारण सूर्य काही पाळी पुरी होईपर्यंत थांबत नाही. उरल्या दोन. वरचे वाफे हिरवे होते. खालच्या वाफ्यांत कांद्याच्या पातीचे शेंडे पिवळे पडून मुरडले होते, आणि माती इतकी तडकलेली की भेगेत बोट जावं. पोराने वाकून एक कांदा उपटला. तो सुपारीएवढाच होता.

‘‘मामा,’’ त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. आप्पांचं बोलणं, ४३२ कोटींचा हिशेब, सगळं. शेवटी म्हणाला, ‘‘मला वाटलं, एवढ्या काळात एक घटका म्हणजे काहीच नाही.’’

‘‘कल्प कशाचा होतो?’’ जोशीबुवांनी विचारलं.

‘‘मन्वंतरांचा.’’

‘‘मन्वंतर?’’

‘‘महायुगांचं. महायुग वर्षांचं, वर्ष दिवसांचं, दिवस साठ घटकांचा.’’

‘‘मग घटकाच खोटी निघाली, तर वरचं काय खरं राहिलं?’’ बुवा बांधावर बसले. ‘‘तू आकडे खालून वर पाठ केलेस. ते वरून खालीही येतात. आणखी एक ऐक. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्राच्या मुलाची, रोहिताची गोष्ट आहे. रानातून घरी परतायला निघालेल्या त्या पोराला इंद्र वाटेत भेटतो आणि चालत राहा म्हणून सांगतो. त्यात तो म्हणतो की निजलेला माणूस म्हणजे कली, जागा होऊन बसलेला द्वापर, उठून उभा राहिलेला त्रेता आणि चालू लागलेला कृत. तेव्हा बाळ, पंचांगातलं कलियुग संपायला फार अवकाश आहे. सतरंजीवरचं किती वेळ ठेवायचं, ते तुझ्या हातात.’’

इथे मला माझं म्हणणं मांडल्यावाचून पुढे जाववत नाही. ‘कलियुग आहे’ हे आपण जितक्या सहज म्हणतो, तितक्या सहज म्हणण्यासारखं ते नाही. शके १९४७ च्या पाडव्याला कलियुगाची अवघी ५,१२६ वर्षं सरली होती. पुराणांच्या हिशेबात कलीची पहिली ३६,००० वर्षं नुसत्या संधिकालाची असतात, म्हणजे अजून तो नीट उजाडलेलाही नाही. आणि ज्या विष्णुपुराणाने कलीतल्या दोषांची भलीमोठी यादी दिली, त्यातच गंगेत स्नान करणारे व्यास वर येऊन कलीला धन्य म्हणतात. कृतयुगात जे दहा वर्षांनी साधायचं, त्रेतात एका वर्षाने आणि द्वापरात एका महिन्याने, ते कलीत एका दिवस-रात्रीत साधतं, असं ते ऋषींना समजावून सांगतात. काळ वाईट असल्याची कबुली तिथे आहे. त्या काळाच्या नावावर हात झटकायची मुभा मात्र कुठेच दिलेली नाही.

चार दिवसांनी पाडवा आला. गुढ्या उभ्या राहिल्या, कडुनिंबाची पानं चावून झाली आणि गाव पंचांग ऐकायला पारावर जमलं. दरवर्षी संकल्पाचं पाणी आप्पांच्या हातावर पडायचं. त्या वर्षी जोशीबुवांनी भाच्याला पुढे बसवलं आणि त्याच्या तळहातावर पळीभर पाणी सोडलं.

संकल्प सुरू झाला. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचं दुसरं परार्ध, त्यातला श्वेतवाराह कल्प, त्यातलं सातवं, वैवस्वत मन्वंतर, त्यातलं अठ्ठाविसावं महायुग, त्यातलं कलियुग, त्याचा पहिला चरण. मग जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचं दक्षिण तीर. मग शक, संवत्सर, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. पाकिटावर पत्ता उतरत जावा तसा तो प्रचंड काळ एकेक पायरी उतरत त्या पारापर्यंत आला, आणि जोशीबुवा थांबले.

‘‘पुढचं तुझं तू सांग. नाव सांग आणि काय करणार ते सांग.’’

सगळा पार शांत झाला. पोराच्या हातातलं पाणी थरथरत होतं. त्याने आपलं नाव आणि गोत्र सांगितलं. मग म्हणाला, ‘‘रोज रात्री दोन घटका मी तळाला ठेवल्या. त्या काकूंच्या पाण्याच्या होत्या. आज रात्रीपासून वाटी बुडाली की त्याच पळाला उचलीन.’’ त्याने पाणी ताम्हनात सोडलं. आप्पांचं नाव त्याने घेतलं नाही. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. आप्पा त्या दिवशी वर्षफल पुरतं न ऐकताच उठून गेले.

रात्री ते पुन्हा पारावर आले. आप्पांची बारावी घटका भरत आली होती. पोर सतरंजीवर कलंडलेलं होतं.

‘‘अरे, सकाळी बोललास ते बोललास,’’ आप्पा हळूच म्हणाले. ‘‘पण तू एकट्याने वाटी उचलून कलियुग टळणार आहे का?’’

‘‘नाही टळणार, आप्पा,’’ पोर उठून बसलं.

‘‘उद्या पुन्हा बुडेलच ना ती?’’

‘‘बुडेल. रोज साठ वेळा बुडेल,’’ पोर उभं राहिलं. वाटीच्या काठावरून पाणी आत आलं आणि ती तळाला गेली. त्याने कोपरापर्यंत हात घालून ती काढली, ओतली, पुन्हा सोडली, काशाच्या थाळीवर टोला दिला आणि द्रोणात बारावा चिंचोका टाकला. घटकाभर मामांना घंगाळापाशी बसवून त्याने कंदील आणि कुदळ घेतली, आणि पाटाच्या कडेने आप्पांच्या मळ्याकडे चालू लागला. आप्पा दारं मोडणार नसतील, तर तो मोडणार होता.

आप्पा थोडा वेळ वाटीकडे बघत बसले. मग मागोमाग गेले. मळ्याच्या तोंडाशी पोर पोचलं होतं, पण कुदळ आप्पांनीच त्याच्या हातातून घेतली आणि आपल्या हाताने दारं मोडून पाणी पुढे सोडलं. ते का, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. तोंडचं वाक्यही त्यांचं लगेच सुटलं नाही. पण पुढे पंधरा रात्री त्यांनी आपल्या बारा घटकांतल्या दोन-दोन सोडल्या, आणि त्या काकूंच्या पाळीला जोडल्या गेल्या.

खालच्या वाफ्यांतला थोडा कांदा गेला तो गेलाच. बाकीचा वैशाखात निघाला आणि काकूंच्या चाळीत बसला.

पूजेला बसल्यावर संकल्प चालू असताना आपण बहुधा ताटातली फुलं सारखी करत असतो, किंवा गुरुजी कधी आटपतात याची वाट बघत असतो. पुढच्या वेळी तो शेवटपर्यंत ऐका. एवढ्या कोट्यवधी वर्षांच्या शेवटी आपलं नाव घेण्याची आणि काम सांगण्याची जागा ठेवलेली असते. तिथे गुरुजींच्या मागून नुसतं पुटपुटू नका. ज्याचं पाणी आपल्याकडे राहिलं असेल त्याचं नाव मनात आणा, आणि काय करणार ते सांगा.