'हॅव' आणि आपले 'असणे'

इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांना एक अनुभव नेहमीचा आहे. 'माझ्याजवळ पाच रुपये आहेत' याचे भाषांतर करताना नवखा विद्यार्थी 'पाच रुपये माझ्या शेजारी आहेत' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य लिहितो आणि वर्ग हसतो. वाचकहो, त्या मुलाचे फारसे चुकलेले नसते. इंग्रजीतील 'हॅव' या नित्याच्या क्रियापदाला मराठीत प्रतिशब्दच नाही. इंग्रजी वाक्यात माणूस कर्ता आणि रुपये कर्म. मराठीत रुपये कर्ते होऊन 'असतात', आणि माणूस बाजूस सरून उभा राहतो.

'हॅव'चे मूळ भाषापंडितांनी 'पकडणे' या अर्थाच्या धातूत शोधले आहे. लॅटिनमधील 'कापेरे', म्हणजे धरणे, हे त्याचे आप्त. गंमत अशी की लॅटिनमध्ये 'हॅव'चाच अर्थ असलेले 'हाबेरे' हे क्रियापद दिसावयास अगदी सारखे असूनही त्याच्या नात्यातले नाही. 'हाबेरे'चे नाते लागते ते इंग्रजी 'गिव्ह'शी, म्हणजे देण्याशी! घेणे आणि देणे एकाच धातूच्या पोटी जन्मावे, याचा विचार करीत बसावे तितका थोडाच.

आपल्या भाषेत असे क्रियापद नाही म्हणून फुशारून जाण्याचे मात्र कारण नाही. रशियन आणि अरबी भाषांतही वस्तू माणसापाशी 'असते'. इतके दूर तरी कशाला? बेळगावच्या बाजारात शेजारी उभा असलेला कन्नड भाषिक 'नन्न हत्तिर हण इदे' म्हणतो. 'हत्तिर' म्हणजे जवळ. मुलांविषयी बोलताना तोच 'ननगे इब्बरु मक्कळु इद्दारे' म्हणतो, म्हणजे 'मला दोन मुले आहेत'. हा प्रदेश कोणाचा, या वादात 1956 पासून दोन पिढ्या गेल्या. पण ज्या दोन भाषांच्या नावाने तो चालला, त्या दोहोंतही 'हॅव' नाही.

येथे खरा मुद्दा येतो. पैसा 'माझ्याजवळ' असतो, पण मुले 'मला' असतात. निपाणीचा शेतकरी 'माझ्याकडे तंबाखू आहे' असे म्हणतो, कारण तो आज ना उद्या व्यापाऱ्याकडे जाणार. परंतु शेताविषयी विचारा, तो म्हणेल, 'मला चार एकर आहे'. जणू शेत हे अपत्यच. जे आज आहे नि उद्या दुसरीकडे जाईल ते 'जवळ' किंवा 'कडे'. ज्याच्याशी आपण बांधलेले आहो ते 'मला'. कर्तव्यही याच विभक्तीत येते: 'मला जायचे आहे'. इंग्रजीने हे सारे एका 'हॅव'मध्ये कोंबले आहे.

आता आपल्या घरांकडे पाहू. वाटणी झाली की गावात पहिला प्रश्न येतो, 'आई कोणाकडे आहे?' थोरल्याकडे चार महिने, धाकट्याकडे चार महिने. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि व्यवस्थेतही कित्येकदा दोष नसतो. पण 'मला आई आहे' यातील आई 'आई माझ्याकडे आहे' या वाक्यात येताच तंबाखूच्या पंक्तीस बसते. एका वृद्ध बाईंना देवळाच्या ओसरीवर कोणी सहज विचारले, 'सध्या कोणाकडे?' त्या म्हणाल्या, 'मला तीन मुलगे आहेत.' विचारणाऱ्याला उत्तर मिळाले नाही असे वाटले असेल. मला ते पुरेसे वाटले.

भाषेत स्वामित्वाचे क्रियापद नाही म्हणून आपण निर्लोभी ठरत नाही. तसे असते तर बांधाच्या एका हातासाठी भाऊ भावावर फिर्याद करता ना. ईशावास्योपनिषदाच्या पहिल्याच मंत्राला कोणाच्या धनाचा लोभ धरू नये असे सांगावे लागले, आणि ते संस्कृतात, जेथे 'माझे दोन पुत्र आहेत' हे सांगण्यास षष्ठीच पुरते. भाषा एवढेच करते की, भेद आपल्या जिभेवर ठेवते. तो पाळणे न पाळणे आपल्याकडे.

अलीकडे इंग्रजी शाळेत जाणारी मुले 'माझ्याकडे एक भाऊ आहे' असे सर्रास बोलतात. घरची मंडळी हसून सोडून देतात. मी सोडीत नाही; 'मला एक भाऊ आहे' असे त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतो.