रांगेतून बाहेर एक पाऊल

भातकुलीत मी इतिहास शिकवतो. पोरांनी माझं एक नाव पाडलंय. तोंडावर कुणी घेत नाही, पण एकदा ते सायकल स्टँडच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं दिसलं : ‘हिटलर सर’. खरं सांगायचं तर मला राग आला नाही. बरं वाटलं. परिपाठाला माझ्या वर्गाची रांग दोरी धरल्यासारखी सरळ असते, हजेरीच्या वेळी कुणी हूं की चूं करत नाही. त्याचीच ती पावती वाटली.

आपल्याकडे हे नाव असंच फिरतं. कडक हेडमास्तर हिटलर, शिस्तीचा बाप हिटलर. त्याचं आत्मचरित्र मराठीत मिळतं, आणि स्टॉलवर यशस्वी कसं व्हायचं हे सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी मांडलेलं असतं. २००६ साली नवी मुंबईत त्याच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं होतं. मुंबईतल्या ज्यू समाजाने विरोध केला तेव्हा ते नाव बदललं. म्हणजे हिटलर आपल्याला माहीत आहे, त्याने काय केलं ते तेवढं माहीत नाही. तेव्हा ठरवलं, दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात या भागावरून पुढे पळायचं नाही.

सुरुवात आकड्यांनी केली. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यात सुमारे पंधरा लाख मुलं होती. साठ लाख म्हणजे किती? २०११च्या जनगणनेत अमरावती, अकोला आणि वाशिम या तिन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून जवळपास एकोणसाठ लाख भरते. म्हणजे मेळघाटापासून कारंजापर्यंत एकही माणूस उरला नाही, असं समजा. वर्ग ‘बापरे’ म्हणाला आणि आकडा वहीत उतरवून घेतला. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “पण सर, देश तं वर आणला ना त्यानं?” दुसरी म्हणाली, “सर, आपला काय संबंध?”

दुसरा प्रश्न सोपा वाटला, म्हणून तो आधी घेतला. कोकणातले बेने इस्रायली ज्यू शेकडो वर्षं मराठी बोलत आले. तेलाचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. आकाशवाणी सुरू होताना वाजणारी ती धून आजीच्या रेडिओवर ऐकली असेल. ती वॉल्टर कॉफमनची. कार्ल्सबादचा हा ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईत आला. मागे राहिलेल्या युरोपात त्याच्यासारख्यांचं जगणं अशक्य होत गेलं. पोरांनी मोबाइलवर धून लावली, खूश झाली. पण मलाच ते उत्तर पुरेसं वाटेना. संबंध असेल तरच दुःख मोजायचं, हीच तर त्या काळाची वाट होती.

मग पहिल्या प्रश्नाकडे वळलो. ‘देश वर आणला’ म्हणजे कुणाचा देश? १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. नोव्हेंबर १९३८मध्ये ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढून टाकलं. हे वाचताना मी थांबलो. ती नावं हजेरीपटावरून कुणी कमी केली असतील? हिटलरने नाही. माझ्यासारख्या कुणीतरी. त्या काळच्या गणिताच्या पुस्तकांत उदाहरणं असायची : मनोरुग्णालय बांधायला इतके मार्क लागतात, तेवढ्याच पैशात कामगारांसाठी किती घरं होतील? मुलांनी गणित सोडवलं असेल, मास्तरांनी तपासून बरोबरची खूण केली असेल. उत्तर बरोबरच होतं. पुढे त्याच राज्याने हजारो मनोरुग्णांना मारलं.

शेवटी वर्गाला मैदानावर नेलं, परिपाठासारखं रांगेत उभं केलं आणि जोझेफोवची गोष्ट सांगितली. १३ जुलै १९४२. पोलंडमधलं गाव. हॅम्बुर्गची राखीव पोलीस बटालियन १०१, सुमारे पाचशे माणसं. बरेचसे मध्यमवयीन : गोदी कामगार, ड्रायव्हर, कारकून. मेजर ट्रॅपने हुकूम वाचला : धडधाकट पुरुष मजुरीला वेगळे काढायचे, बायका, मुलं, म्हातारे यांना गोळ्या घालायच्या. आणि मग तो म्हणाला की वयस्कर जवानांपैकी ज्याला हे झेपणार नसेल त्याने पुढे यावं. दहा-बारा जण रांगेतून बाहेर आले. त्यांना कसली शिक्षा झाली नाही, बंदुका ठेवून दुसरं काम दिलं. बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत सुमारे दीड हजार माणसं मारली. काही जण मध्येच गळून बाजूला झाले, पण बहुतेकांनी काम पूर्ण केलं.

“तुमच्यापैकी कोण बाहेर आलं असतं?” मी विचारलं. सगळे हात वर गेले, एकदम, एका रेषेत. तेव्हा मला माझीच भीती वाटली. हे हातसुद्धा रांगेतच वर गेले होते. सरांना काय हवंय ते त्यांनी ओळखलं होतं. एकाच मुलीचा हात खाली होता. “मी नसती निघाली सर,” ती म्हणाली. “मले भेव वाटलं असतं.” त्या तासातलं खरं उत्तर तेवढंच होतं.

त्या रात्री मला एक पंगत आठवली. कॉलेजात होतो. चुलतभावाच्या लग्नाला वर्गातला मित्र माझ्यासोबत आला होता. पानं मांडली होती, वांग्याची भाजी वाढत होते. एका काकांनी मित्राचं कोपर धरून त्याला उठवलं : “तुमची पंगत तिकडं.” तो उठला. मी नाही उठलो. जेवलो. बंदूक कुणाच्याच हातात नव्हती. मी उठलो असतो तर फार तर दोन दिवस अबोला झाला असता.

एका पंगतीची आणि जोझेफोवची बरोबरी करायची नाही. तसं करणं म्हणजे मेलेल्या माणसांचा वापर करणं. ‘आमचंही दुःख तेवढंच’ म्हणून त्यांचं दुःख झाकायचं नाही. आणि आजच्या इस्रायल सरकारचा राग १९४२ साली मेलेल्या पोरांवर काढायचा नाही, तसं त्या पोरांच्या नावाने गाझातल्या पोरांच्या मरणाकडे पाठही फिरवायची नाही. पण तराजू बाजूला ठेवला तरी एक प्रश्न दोन्हीकडे तोच राहतो : नकार द्यायला जागा होती, तेव्हा तू काय केलंस?

नकाराची गोष्ट आपल्या जिल्ह्यातही आहे. १९२७ साली अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. पंजाबराव देशमुखांना त्या देवळाचं दार कुणी बंद केलं नव्हतं, तरी ते बाहेर ठेवलेल्यांच्या बाजूने उभे राहिले. कृषिमंत्री पंजाबराव पोरांना पाठ असतात. हे सहसा नसतात. आपण मुलांना रांगेत उभं राहायला दहा वर्षं शिकवतो. रांगेतून बाहेर कधी यायचं, हे एका तासातही शिकवत नाही. ज्यूंच्या संहाराचा इतिहास मला यासाठी शिकवायचा आहे. राक्षस ओळखायला नाही, तो तर ओळखू येतोच. पाचशे साध्या माणसांतला आपला चेहरा ओळखायला.

दुसऱ्या दिवशी पंगतीची गोष्ट वर्गाला सांगितली. सांगताना आवाज बारीक झाला. मागच्या बाकावरच्या त्याच पोराने विचारलं, “मंग तुमी नंतर त्याच्याशी बोलले का सर?”

भेटलो होतो, अनेकदा. पिकांवर, पगारावर, पोरांच्या ॲडमिशनवर बोललो. त्यावर कधीच नाही.

“मंग आता बोला ना,” तो म्हणाला. नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे. हे लिहून झालं की फोन करणार आहे.