शांत स्वभावाचा खडा

माझा स्वभाव शांत आहे. हे मी म्हणत नाही, बँकेतले लोक म्हणतात. बावीस वर्षं काउंटरवर बसून याने कधी आवाज चढवला नाही, असं माझं कौतुक एका निरोपसमारंभात झालं होतं. (निरोप दुसऱ्याचा होता.) राग गिळणं हा सद्गुण, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. आमच्या घरी राग आणि तापाची गोळी, दोन्ही पाण्याबरोबर गिळायची पद्धत होती.

ही समजूत मोडली ती एका दगडाने.

माझा भाचा भूशास्त्र शिकतो. दिवाळीला येताना त्याने फ्लोराइटचा एक जांभळा खडा आणला. हे कॅल्शियम आणि फ्लोरिन यांचं संयुग. अगदी शुद्ध असलं तर काचेसारखं बिनरंगी. कठीणपणाच्या दहा पायऱ्यांपैकी याची चौथी, म्हणजे चाकूनेही ओरखडा उठतो.

"एकूण तुमच्यासारखाच, मामा," भाचा म्हणाला. मी सवयीने गिळलं.

मग त्याने जर्मनीत बव्हेरियातल्या व्होल्झेनडोर्फची गोष्ट सांगितली. तिथल्या डोंगरांत ग्रॅनाइट आणि नाइस या खडकांना भेगा पडल्या. त्यांतून खोलवरचं गरम पाणी वर चढलं आणि बरोबर आणलेलं फ्लोराइट भेगांत ठेवून गेलं. पुढे माणसांनी तिथे खाणी काढल्या. त्या १९८७ पर्यंत चालल्या. त्यातली एक जात जांभळी-काळी. दिसायला देखणी, पण हातोडा बसला की असा उग्र दर्प सुटे की खाणकामगारांना मळमळे. तिचं नाव पडलं श्टिंकश्पाट, म्हणजे घाण वासाचा खडा. नावं ठेवताना जर्मन माणूस भीड धरत नाही.

वास कसला, यावर शास्त्रज्ञ जवळजवळ दोनशे वर्षं वाद घालत होते. फ्लोरिनचा म्हणावा, तर तो वायू भलताच तापट. समोर येईल त्याच्याशी झटापट करणारा. प्रयोगशाळेत त्याला सुटा करण्याच्या नादात काहींचे प्राण गेले. मोआसाँला ते १८८६ साली जमलं आणि १९०६ साली त्याला नोबेल मिळालं. असा वायू निसर्गात सुटा राहीलच कसा? पण २०१२ साली म्युनिकच्या संशोधकांनी सिद्ध केलं की खड्याच्या पोटात तोच आहे. शेजारी युरेनियम असतं. त्याच्या किरणांनी लाखो वर्षं फ्लोराइट आतल्या आत फुटत राहतं. कॅल्शियमच्या कणांनी रंग गडद होतो, फ्लोरिनचे बुडबुडे होतात आणि दोघांमध्ये शाबूत फ्लोराइटची भिंत उभी असते. बाहेरून सगळं शांत.

मी गप्प झालो. मला मार्चअखेरचा एक दिवस आठवला. सकाळी साहेबांनी चारचौघांत दुसऱ्याची चूक माझ्या पदरात घातली. मी "हो साहेब" म्हणालो. दुपारी एक पेन्शनर आजोबा आले. हात थरथरत होते. "जरा स्लिप भरून देता का?" एवढंच म्हणाले. आणि मी ओरडलो. सगळी बँक वळून बघायला लागली. आजोबा "चुकलं माझं" म्हणून गेले. तेव्हापासून ते शेजारच्या काउंटरला उभे राहतात, तिथे दुप्पट रांग असली तरी.

"यात दोष कोणाचा रे?" मी भाच्याला विचारलं. "खड्याचा, युरेनियमचा, की हातोड्याचा?"

"दगडाला कसला दोष, मामा!"

दगडाची ही सोय मला नाही. शेजारी युरेनियम बसवायचं की नाही, हे माझ्या हातात नसेल. पण वास कोणाच्या तोंडावर सुटला, ती नोंद माझ्याच खात्यात पडते. युरेनियमला कोणी हातोडा मारत नाही, आणि मारणारा बिचारा आपलं काम करत असतो. मी बी.कॉम. आहे. तरी इतकी वर्षं ज्याला शिल्लक समजत होतो ते देणं निघालं!

म्युनिकवाल्यांनी मोठा चुंबक वापरून, फ्लोरिन खड्यात असतानाच ओळखला. तो बाहेर काढावा लागला नाही. असं यंत्र आमच्याही घरी आहे. रोज संध्याकाळी चहा देताना ते विचारतं, "आज बँकेत काय झालं?" आणि मी रोज सांगतो, "काही नाही." त्या संध्याकाळी पहिल्यांदा सगळं सांगितलं. चहा गार झाला, पण मळमळ कोणालाच झाली नाही.

पुढच्या एक तारखेला आजोबा आले. मी काउंटर सोडून रांगेत गेलो आणि म्हणालो, "त्या दिवशी चुकलं ते माझं. द्या, स्लिप भरतो."

आजोबांनी स्लिप दिली. पण जरा लांबूनच, हात पुढे करून. श्टिंकश्पाट एकदा फोडलेला खाणकामगार दुसऱ्यांदा हात लावताना असाच जपून लावत असेल.